वाफेचा दाब उतरवणारी माणसं

२० मार्च १९०५. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ब्रॉक्टन गावच्या ग्रोव्हर बूट कारखान्यात सकाळचं काम नुकतंच सुरू झालं होतं. अचानक जुना बॉयलर फुटला आणि मजले भेदून छताबाहेर उडाला. चार मजली लाकडी इमारत कोसळली, मागोमाग आग भडकली. ५८ माणसं गेली.

या दुर्घटनेनंतर राज्याने बॉयलरसाठी कडक नियम केले. घरं उबदार ठेवण्याच्या धंद्यातली काही कल्पक माणसं मात्र त्या सुमारास वेगळ्याच वाटेने निघाली होती. बॉयलर मजबूत हवाच, पण मुळात एवढा दाब लागतो कशाला?

वाफेने खोल्या तापवण्याची कल्पना जुनी. इंग्लंडमध्ये कर्नल विल्यम कुक यांनी ती १७४५ मध्येच मांडली होती. जेम्स वॉट यांनी १७८४च्या सुमारास स्वतःच्या कचेरीत ती वापरून पाहिली. तिला खरी मागणी आली ती कापसाच्या गिरण्यांतून. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत उघडी शेगडी म्हणजे आगीला आमंत्रणच. सॅलफर्डच्या गिरणीत १८००च्या आसपास बिडाचे पोकळ खांब उभारले, त्यांच्यातूनच वाफ खेळवली. इमारत पेलणारा खांब तीच इमारत तापवूही लागला! अमेरिकेत १८४०च्या दशकात जोसेफ नेसन आणि जेम्स वॉलवर्थ यांनी लोखंडी नळ्यांची वाफयंत्रणा बसवायला सुरुवात केली.

आता खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या आत डोकावू. १०० अंशांवरच्या एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं की सुमारे ५४० कॅलरी उष्णता मोकळी होते. खोली तापते ती या उष्णतेवर. दाबाचं काम एवढंच, की वाफेने नळ्यांतून वाट काढावी आणि आतली हवा बाहेर ढकलावी. एकनळी पद्धतीत वाफ वर जाते आणि पाणी त्याच नळीतून परत येतं. नळीचा उतार चुकला की पाणी साचतं, वाफ ते उचलून कोपऱ्यावर आदळते, आणि ऐन मध्यरात्री घणाचे ठोके ऐकू येतात.

‘व्हेपर’ नावाच्या कमी दाबाच्या पद्धतीने वाफेची वाट आणि पाण्याची वाट वेगळी केली. हवाही परतीच्या नळीतूनच निघू लागली. अडचण एकच होती: वाफ त्या नळीत शिरू द्यायची नाही. क्लेटन डनहॅम यांनी १९०३ मध्ये यावर काढलेला तोडगा मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. रेडिएटरच्या परतीच्या तोंडाशी एक छोटी झडप, तिच्यात चटकन उकळणारा द्रव भरलेली पातळ धातूची डबी. गार हवा किंवा पाणी आलं तर डबी आकसते, वाट मोकळी होते. वाफ येऊन भिडली की डबी फुगते, वाट बंद. ना वीज, ना राखणदार. विस्कॉन्सिनमधले नळकारागीर जेम्स ट्रेन आणि त्यांचा अभियंता मुलगा रूबेन यांनी १९१३ मध्ये कंपनी काढली, तिचाही पाया अशीच कमी दाबाची यंत्रणा होती.

अशा घरांत दाब पौंडांत नव्हे, औंसांत मोजायचा. १६ औंसांचा एक पौंड. जुन्या अमेरिकी घरांत या यंत्रणा अजून चालतात. झडपेतली डबी फुटली की वाफ परतीच्या नळीत घुसते, दूरच्या खोल्या गार पडतात. मग कुणीतरी दाब वाढवतं, आणि दुखणं आणखी बळावतं. अशा वेळी जाणता कारागीर दाब पुन्हा उतरवतो आणि एकेक डबी तपासत जातो.