मुक्तस्रोतांचे दफ्तर – ७ : परवान्याची हद्द

एका प्रकल्पाची माहितीपुस्तिका दुसऱ्या प्रकल्पाच्या पुस्तिकेतील नेमक्या कलमाचा हवाला स्फिंक्स या पुस्तिका तयार करणाऱ्या साधनाच्या साह्याने कसा देते, हे या लेखांकात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु सांगलीच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न इतका मूलगामी आहे की, त्याचा निकाल लावल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. प्रकल्प दोन्ही मुक्त, लेखक दोन्हीकडे स्वयंसेवक आणि विषयही एकच. असे असता एकाने लिहिलेला उतारा दुसऱ्याने जसाच्या तसा घेण्यास हरकत कोणती, असे ते विचारतात.

हरकत परवान्याची आहे. आर्च लिनक्सच्या विकीवरील मजकूर ग्नूच्या मुक्त दस्तऐवज परवान्याखाली आहे, तर जेंटू या दुसऱ्या लिनक्स वितरणाच्या विकीवरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली. नक्कल करण्याची, फेरफार करण्याची मुभा दोन्ही देतात. मात्र फेरफार केलेला मजकूर आमच्याच परवान्याखाली राहिला पाहिजे, अशी अटही दोन्ही घालतात. एखाद्याने प्रिंटरच्या जोडणीविषयी स्वतः लिहिलेला उतारा त्याने दोन्हीकडे खुशाल द्यावा, कारण लेखाधिकार त्याचाच आहे. पण तोच उतारा आर्चच्या विकीवर वर्षभर राहून अनेक अपरिचितांनी त्यातील चुका काढल्या, गाळलेल्या पायऱ्या भरल्या, म्हणजे सुधारलेल्या मजकुरावर त्याची एकट्याची मालकी उरत नाही, आणि जो मजकूर शेजाऱ्याला खरोखर उपयोगी पडला असता, नेमका तोच हद्दीपाशी अडतो.

परवान्यावरून असा तंटा सर्वांत तीव्र झाला तो डेबियन या लिनक्स वितरणात. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्नूच्या परवान्यात, पुस्तिकेचे काही विभाग अपरिवर्तनीय ठरविण्याची तजवीज होती. ईमॅक्स या संपादकाच्या पुस्तिकेत ग्नूचा जाहीरनामा तशा विभागात आहे. जीसीसी या कंपायलरच्या पुस्तिकेत तशाच विभागात मुक्त सॉफ्टवेअरला द्रव्यसाह्य करण्याविषयीचे प्रकरण आहे. ज्या तत्त्वांसाठी हे सॉफ्टवेअर निर्माण झाले, ती तत्त्वे कोणी मध्येच कापून टाकू नयेत, ही फाउंडेशनचे संस्थापक स्टॉलमन यांच्या पक्षाची इच्छा मला पूर्णपणे आदरणीय वाटते. परंतु जे बदलता येत नाही ते मुक्त नव्हे, हा डेबियनचा पक्षही तितकाच सरळ होता, आणि मार्च २००६ च्या ठरावाने त्यांनी असे विभाग असलेल्या पुस्तिका मुख्य वितरणाबाहेर काढल्या. त्याचा परिणाम आजही दिसतो : डेबियनच्या यंत्रावर जीसीसी बसविलेले असूनही त्याचे मॅन-पान, म्हणजे मदतीचे पान, मागितले तर मिळत नाही, त्यासाठी नॉन-फ्री शाखा चालू करून पुस्तिकेचे वेगळे पॅकेज घ्यावे लागते. माझ्या मते दोन्ही पक्ष तत्त्वाला जागले, पण त्याचा भार पडला तो विषय समजावून सांगू पाहणाऱ्या स्वयंसेवकावर आणि नवशिक्या वाचकावर.

असे तंटे सुटतच नाहीत असे मात्र नव्हे. विकिपीडियाचा मजकूरही आरंभापासून याच ग्नू परवान्याखाली होता, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सखालील साहित्याशी त्याची देवघेव होत नसे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नोव्हेंबर २००८ मध्ये परवान्याची १.३ ही आवृत्ती काढून, सामुदायिक लेखनाच्या विकींना ठराविक अटींवर परवाना बदलण्याची मुभा दिली, आणि त्यासाठी १ ऑगस्ट २००९ ही मुदत घातली. विकिमीडियाच्या सदस्यांनी मतदान केले, सुमारे ७५ टक्के मते बदलाच्या बाजूने पडली आणि जून २००९ मध्ये बदल अमलात आला. मराठी विकिपीडियाही त्याच वेळी नव्या परवान्याखाली आला. आपापल्या परवान्याविषयी अत्यंत काटेकोर असलेल्या संस्थांनी वाटाघाटी करून यातून वाट काढली, याचे मोल मला फार वाटते. दोन प्रकल्पांच्या लेखकांनी सहकार्याचा आरंभ शैलीच्या किंवा मांडणीच्या नियमांपासून न करता परवान्यांच्या मेळापासूनच करावा, असे मी आग्रहाने म्हणतो.

दुसऱ्याच्या मजकुराची नक्कल न करता त्याचा केवळ हवाला द्यायचा असेल, तर परवान्याचा प्रश्न उद्भवत नाही. स्फिंक्स प्रत्येक पुस्तिकेबरोबर तिच्यातील नावांची व त्यांच्या ठिकाणांची एक सूची तयार करते, आणि दुसरा प्रकल्प ती सूची वाचून आपले दुवे जोडतो. त्याची हकीकत पुढील आठवड्यात.