सात वर्षं थांबलेला रोलर कोस्टर

रेडिओ चालू ठेवून मासळी निवडणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या, शेतावरून नुकत्याच घरी आलेल्या सगळ्या तायांना आणि मावश्यांना आमच्या गटाचा नमस्कार. आज बचतीचा हिशोब जरा बाजूला ठेवू आणि पाळण्याबद्दल बोलू. जत्रेतल्या पाळण्याबद्दल, आणि त्याच्या मोठ्या भावाबद्दल, म्हणजे रोलर कोस्टरबद्दल.

सुरुवात एका जत्रेपासून करतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण असं कुठेही घडू शकतं. आमच्या गटाचा सुक्या मासळीचा स्टॉल लागला होता. संध्याकाळी आमच्यातल्या एका ताईची मुलगी आकाशपाळण्यात बसली. तिला बसवताना ताईचं लक्ष गेलं, मुलीच्या पुढ्यातली आडवी दांडी खिळीने नाही, तर सुतळीने बांधलेली होती. ताईने पाळणेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, काही होत नाही. वीस वर्षं फिरवतोय." ताईने मुलीला खाली उतरवलं. मुलगी रडली, मागे रांगेतली माणसं हसली, आणि आमच्यातल्याही दोघी म्हणाल्या, एवढं काय त्यात!

काही दिवसांनी गटाची सहल खालापूर तालुक्यातल्या इमॅजिकाला गेली. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर हे पार्क २०१३ साली सुरू झालं. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेला सुकी मासळी घेऊन जाणाऱ्या बायकांना तो भाग माहीतच आहे. तिथे 'नायट्रो' नावाचा मोठा रोलर कोस्टर आहे. सुमारे ४० मीटर उंच, म्हणजे दोन उंच माड एकावर एक उभे केल्यासारखा. खाली उभं राहून बघताना आमच्या एका मावशीने दोन प्रश्न विचारले. एक, ही गाडी इंजिनाशिवाय पळते कशी? आणि दुसरा, ही बांधली कुणी? दोन्ही प्रश्नांची उत्तरं आम्ही शोधली. तीच आज सांगतो.

आधी गाडी पळते कशी ते बघू. कोस्टरच्या गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. बहुतेक कोस्टरमध्ये मोटरवर चालणारी साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते. माथ्यावर साखळी सुटते. तिथून पुढे सगळं काम उताराचं. एसटी कार्लेखिंडीच्या उताराला लागली की ड्रायव्हरने गिअर काढला तरी पळते, तसंच. चढताना जी ताकद गाडीत साठते, ती उतरताना वेग होऊन बाहेर येते. ४० मीटर खाली आलेली गाडी ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पळते. गाडीत बारीक बाया बसल्या काय आणि अंगाने भरलेल्या बसल्या काय, वेग जवळजवळ तोच.

पण चाकं रुळाला घासतात, वारा अडवतो, आणि थोडी थोडी ताकद वाया जाते. म्हणून पहिला चढ सगळ्यात उंच ठेवतात आणि पुढचे चढ कमी उंचीचे. वरच्या चढावर पोचण्याइतकी शिल्लक गाडीत नसेल, तर ती तिथवर पोचणारच नाही. हा हिशोब आपल्याला नवा नाही. खात्यात असेल तेवढंच काढता येतं.

आता पोटात गोळा का येतो? रेवसहून करंजाला जाताना होडी लाटेच्या माथ्यावरून खाली बसते, तेव्हा क्षणभर आपण फळीवरून उचलल्यासारख्या होतो. कोस्टरच्या माथ्यावर तेच होतं. उताराच्या तळाशी उलटं होतं. तिथे अंग जड होतं, स्वतःच्या वजनाच्या तीन-चार पट ओझं अंगावर आल्यासारखं वाटतं. हे ओझं किती आणि किती क्षण द्यायचं, ते बांधणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं. जास्त झालं तर मानेला इजा होते, डोळ्यांपुढे अंधारी येते.

गाडी उलटी होते तेव्हा माणसं पडत का नाहीत, हेही मावशीने विचारलं. पाण्याची बादली जोरात गोल फिरवली की डोक्यावर आली तरी पाणी सांडत नाही, तेच इथे आहे. मात्र कोस्टरचा तो फेरा बांगडीसारखा गोल नसतो. तो पाण्याच्या थेंबासारखा असतो, वर निमुळता आणि खाली रुंद. पूर्वी लोकांनी बांगडीसारखे गोल फेरे बांधले, तेव्हा माणसांच्या मानांना हिसके बसायचे. १९७६ साली अमेरिकेतल्या एका पार्कमध्ये वेर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्याच्या हिशोबाने थेंबाच्या आकाराचा फेरा उभा राहिला, आणि मग तीच रीत जगभर गेली.

गाडी रुळावरून उडत नाही, कारण तिची चाकं रुळाला तीन बाजूंनी धरतात. एक चाक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक खालून. खालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसाने १९१९ साली घेतलं. शंभर वर्षांहून जुनी ही युक्ती आजही वापरात आहे. साखळीच्या चढावर जो टक-टक-टक आवाज येतो, तो दात्यावर पडणाऱ्या खटक्याचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून तो असतो.

ब्रेकची गोष्ट तर आम्हाला फार आवडली. आपल्या सायकलचा ब्रेक दाबला तरच लागतो. अशा कोस्टरचे अनेक ब्रेक उलटे असतात. ते आपोआप बंदच असतात, आणि हवेच्या दाबाने त्यांना उघडून धरावं लागतं. वीज गेली, हवा गेली, की ब्रेक लागतो. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, अशीच रचना. एकाहून जास्त गाड्या असतील तर रुळाचे भाग पाडलेले असतात. पुढच्या भागातली गाडी बाहेर पडल्याशिवाय मागची आत सोडत नाहीत.

आता मावशीचा दुसरा प्रश्न, बांधतं कोण? जगातली बहुतेक पार्क मोठे कोस्टर विकत आणतात. नायट्रो स्वित्झर्लंडच्या बॉलिजर अँड माबिलार्ड या कंपनीचा आहे. ती कंपनी याच कामासाठी ओळखली जाते. आपल्या देशात कोचीला वंडरला कंपनीचा स्वतःचे खेळ बनवणारा विभाग आहे. पण अख्खा मोठा कोस्टर पार्कने स्वतःच आखायचा आणि बांधायचा, हे क्वचित घडतं.

अमेरिकेत युटा राज्यात लगून नावाचं जुनं पार्क आहे. त्यांनी 'कॅनिबल' नावाचा कोस्टर स्वतःच्या देखरेखीखाली आखून बांधला आणि २०१५ साली सुरू केला. उंची सुमारे ६३ मीटर. त्यातली गाडी लिफ्टने वर जाते, आणि खाली येताना उतार सरळ भिंतीपेक्षाही आत वळलेला आहे. बाहेरच्या जाणकार अभियंत्यांची मदत त्यांनी घेतली, पण कुठला भाग कसा असेल हा निर्णय पार्कचा राहिला. उद्या एखादा भाग झिजला, तर तो कुणी, कसा बनवला हे माहीत असलेली माणसं जवळच आहेत. स्वतः बांधण्याचा फायदा तो हाच.

आणि आता ज्या गोष्टीसाठी आज बोलायला बसलो, ती. अमेरिकेतच पेनसिल्व्हेनिया राज्यात एलिसबर्ग गावी नोबेल्स नावाचं पार्क आहे. एका कुटुंबाचं, आत जायला तिकीट नसलेलं. त्यांना 'फ्लाइंग टर्न्स' नावाचा जुना प्रकार पुन्हा उभा करायचा होता. यात रूळच नसतात. लाकडी फळ्यांची अर्धगोल पन्हळ असते, आणि त्यातून गाडी मोकळी घरंगळत येते. पन्हळीत सुपारी सोडली की ती कशी कधी या काठाला, कधी त्या काठाला चढते, तशी. जॉन बार्टलेट या वैमानिकाची ही कल्पना १९२९ साली पहिल्यांदा उभी राहिली होती, पण जुने असे सगळे कोस्टर केव्हाच मोडीत निघाले होते. बघून शिकायला एकही उरला नव्हता.

पार्कच्या माणसांनी २००६ साली काम हातात घेतलं. लाकडाचा सांगाडा उभा राहिला, पन्हळ तयार झाली. पुढच्याच वर्षी लोकांना बसवायचा विचार होता. पण गाडी मनासारखी चालेना. रूळ नसल्यामुळे गाडी वळणावर किती वर चढेल, हे तिच्या वजनावर, वेगावर आणि चाकांवर ठरत होतं. चाकं बदलली. तरी जमेना. मग डबे पुन्हा नव्याने केले. रिकाम्या फेऱ्या, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा फेऱ्या. एक मोसम गेला, दुसरा गेला. लोक येऊन विचारत, कधी सुरू होणार? पैसा अडकलेला, सांगाडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा. तरी त्यांनी माणसं बसवली नाहीत. अखेर २०१३ सालच्या ऑक्टोबरात तो सुरू झाला. सात वर्षांनी. आजही एका डब्यात बसणाऱ्यांच्या एकूण वजनाला मर्यादा आहे, सुमारे १८० किलो.

मैत्रिणींनो, बांधण्याचं कौतुक तर आहेच. पण आम्हाला जास्त कौतुक वाटलं ते थांबण्याचं. स्वतः बांधलं की 'कंपनीने असंच दिलं' असं म्हणायची सोय राहत नाही. बोट दाखवायला दुसरा कुणी नसतो. आपण बोंबील वाळवायची वलांडी बांधतो, तेव्हा कुठला बांबू कुजायला लागलाय आणि कुठली गाठ सैल झालीय हे आपल्याला बघितल्याबरोबर कळतं, कारण ती आपल्याच हातची असते. पण कळूनही आळस केला आणि वाऱ्याने वलांडी पडली, तर दोषही आपलाच. बांधणाऱ्याला दोन गोष्टी लागतात, हातात कसब आणि 'अजून तयार नाही' असं म्हणायची हिंमत.

विकत आणलेल्या खेळालाही हीच हिंमत लागते. चांगल्या पार्कमध्ये रोज सकाळी दारं उघडायच्या आधी माणसं रूळ, चाकं, पट्टे बघतात. रिकामी गाडी फिरवतात. काय बघितलं ते वहीत लिहून खाली सही करतात. उंचीची खूण लावलेली असते, कारण पट्टा आणि दांडी ठरावीक मापाच्या अंगालाच नीट धरतात. बारकं मूल त्यातून निसटू शकतं. तेव्हा "आमचा बाबू घाबरत नाही हो, बसू दे की" असं म्हणून त्या माणसाशी भांडू नका. तिथे घाबरण्याचा प्रश्नच नाही, मापाचा आहे.

आता पुन्हा जत्रेकडे येऊ. जत्रेतला पाळणा आज इथे उभा राहतो, आठवड्याने सुटा होऊन टेम्पोत जातो आणि पुढच्या गावी पुन्हा जोडला जातो. प्रत्येक वेळी प्रत्येक नटबोल्ट नव्याने आवळावा लागतो. म्हणून तिथे तर डोळे जास्त उघडे हवेत. मूल बसवण्याआधी एवढं बघा.

पाळण्याचे पाय सपाट आणि घट्ट जमिनीवर आहेत का? पुळणीवर किंवा ओल्या शेतात नुसत्या विटा सरकवून उभा केला असेल तर बसू नका. दांडीला खिळी किंवा कुलूप आहे का, की तार आणि सुतळी? मोटरभोवती आणि फिरत्या भागाभोवती कठडा आहे का? विजेच्या वायरी उघड्या आहेत का? चालवणारा शुद्धीत आहे का, आणि बटणापाशी उभा आहे की तिकिटं फाडत फिरतोय? बसताना ओढणी कंबरेला गच्च बांधा, साडीचा पदर खोचा, मोकळे केस बांधा. गरोदर बायकांनी, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी जोराच्या खेळात बसूच नये.

आणि एक काम गटाने करायचं. जत्रा भरण्याआधी ग्रामपंचायतीत आणि जत्रा समितीत जाऊन विचारायचं, पाळण्याचा परवाना आणि तपासणीचं प्रमाणपत्र बघितलं का? ते यंदाचं आहे का? एकटी बाई विचारायला गेली तर हसतात. दहा जणी गेल्या तर कागद काढून दाखवतात.

त्या संध्याकाळी मुलीला खाली उतरवणारी आमची ताई नंतर बरेच दिवस म्हणायची, आपण उगाच तमाशा केला का? नोबेल्सची गोष्ट गटात वाचली तेव्हा ती काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "ते सात वर्षं थांबले. मी तर एक फेरी थांबवली." यंदा त्याच जत्रेच्या आधी आम्ही बाराजणी ग्रामपंचायतीत जाणार आहोत, आणि पुढे ती ताई असेल. पाळणा नीट असेल तर तिच्या मुलीबरोबर आम्हीही बसू.

तुमच्या गावची जत्रा कधी आहे? पुढच्या बैठकीच्या वहीत हा विषय आजच लिहून ठेवा. नमस्कार.