बयाणा देण्यापूर्वी गाडीला हात लावा

आम्ही कापडवाले थान उलगडून, बोटांत चुरगाळून, उजेडाला धरून पाहिल्याशिवाय माल उचलत नाही. मालेगावचा व्यापारी वीस वर्षांच्या ओळखीचा असला तरी नमुना आधी मागतो. हीच माणसे मोबाईलवरील जाहिरात पाहून, न पाहिलेल्या गाडीसाठी न पाहिलेल्या माणसाला बयाणा धाडतात, याचे नवल वाटते. नवल कसले, माझ्या घरातच ते घडले.

माझा भाचा आमगाव, सालेकसा, देवरीच्या आठवडी बाजारांत तयार कपड्यांचे दुकान लावतो. गठ्ठे ऑटोने नेण्यात कमाईचा बराच भाग जाई, म्हणून त्याला जुनी ओम्नी हवी होती. एका जाहिरातीत ती ६५,००० रुपयांत दिसली. गोंदियात तशी गाडी लाखाच्या खाली कोणी दिली नसती. विकणारा म्हणाला, मी फौजी, कामठीला होतो, आता जम्मूला बदली झाली, म्हणून घाईत विकतो आहे. त्याने वर्दीतला फोटो, आधार, कँटीन कार्ड आणि आरसी पाठवली. गाडी लष्करी वाहतुकीने घरपोच येईल, फक्त ३,१०० रुपये भाडे आधी भरा, असे सांगितले. ते भरले. मग विम्याचे, मग कराचे, "हे परत मिळतील" म्हणून आणखी काही. ड्रायव्हर वाटेत नाक्यावर अडकला आहे, असाही फोन आला. २७,००० रुपये गेल्यावर भाचा माझ्याकडे आला. "मामू, मी गाडीचा नंबर ॲपवर तपासला होता, बरोबर निघाला," म्हणाला.

येथेच लोक गाफील राहतात. नंबर खराच असतो. ती आरसी, ते आधार कार्ड बहुधा आधी फसवलेल्या दुसऱ्या कोणाचे असते. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडी, तिचे साल, विमा दिसतो, पण मालकाचे नाव अर्धे झाकलेले असते. गाडी अस्तित्वात आहे एवढेच त्यातून कळते. फोनवर बोलणाऱ्याच्या ताब्यात ती आहे, हे कळत नाही. आणि फौज कोणाची खासगी गाडी गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचवत नाही. वर्दीवर आपल्या लोकांचा भरवसा असतो, त्याचाच हा बाजार मांडला आहे. कामठी गोंदियाहून रेल्वेने काही तासांचा रस्ता. त्याने एक तिकीट काढले असते तर पैसे वाचले असते.

हे एकट्यादुकट्याचे काम नाही. भरतपूर, अलवर, नूह या पट्ट्यात टोळ्याच आहेत. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले होते.

विकणाराही सुरक्षित नाही. आपण जुनी स्कूटर जाहिरातीत टाकतो, गिऱ्हाईक भाव न करता "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणते. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

गाडी समोर उभी असली तरी तपास संपत नाही. आपला जिल्हा दोन राज्यांच्या सीमेवर. बालाघाटची एमपी ५० किंवा राजनांदगावची सीजी ०८ नंबरची गाडी स्वस्त वाटते. पण तिकडच्या आरटीओचे फॉर्म २८ वरील ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा कर किमतीत धरून पाहा, मग स्वस्ताई किती उरते ते कळेल. आरसीवर फायनान्स कंपनीचे नाव असेल तर फॉर्म ३५ आणि कंपनीचे पत्र हातात आल्याखेरीज सौदा करू नये. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासावी, उमटलेला नंबर आरसीशी ताडावा.

आपल्यात एक वाईट चाल आहे. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दलालाच्या हाती द्यायचे आणि मोकळे व्हायचे. नाव बदलले नाही तर गाडी कागदावर तुमचीच राहते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले की अपघाताच्या भरपाईला नोंदणीकृत मालकच जबाबदार, मग गाडी पुढे किती हात फिरली असो. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

भाच्याने शरमेपोटी तीन दिवस कोणाला सांगितले नाही. १९३० या क्रमांकावर त्याच तासाला फोन केला असता तर पैसे पुढच्या खात्यात अडवता आले असते. आम्ही फोन लावला तोवर खाते रिकामे झाले होते. तक्रार नोंदली, पोलीस ठाण्यातही दिली, पैसे अद्याप आलेले नाहीत. त्या हंगामात त्याने माल उधारीवर भरला.

पुढे तिरोड्याच्या एका किराणा व्यापाऱ्याची ओम्नी मिळाली, ८,००० रुपये महाग. मालक, भाचा आणि मी तिघे गोंदियाच्या आरटीओत गेलो, अर्ज भरला, पावती घेतली. उरलेले पैसे भाच्याने तेथेच बाकावर बसून मोजून दिले.