टोनी हॅन्कॉक : हसवणाऱ्याला दुसरा लागतो

मागच्या व्याख्यानात आपण आँरी बर्गसाँचं हास्यावरचं पुस्तक पाहिलं. १९०० सालच्या त्या पुस्तकातली दोन सूत्रं आठवा. जिवंत माणूस यंत्रासारखा ताठर वागायला लागला की हसू येतं, हे पहिलं. हसू एकट्याचं नसतं, त्याला साद-प्रतिसाद लागतो, हे दुसरं. पहिलं सगळ्यांच्या लक्षात राहतं, दुसरं निसटतं. आज ते दुसरं सूत्र आपण एका ब्रिटिश नटाच्या आयुष्याशी ताडून पाहू.

टोनी हॅन्कॉक १२ मे १९२४ रोजी बर्मिंगहॅममध्ये जन्मला आणि बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावात वाढला. वडील हॉटेल चालवत आणि हौसेने लोकांना हसवतही. मुलगा अकरा वर्षांचा असताना ते गेले. युद्धकाळात हॅन्कॉक हवाई दलात होता, नंतर लंडनच्या विंडमिल थिएटरात छोटी कामं करू लागला. नाव झालं ते १९५१ मध्ये, रेडिओवर. 'एज्युकेटिंग आर्ची' या कार्यक्रमात तो एका बोलक्या बाहुल्याचा शिक्षक झाला. आता गंमत पाहा, शब्दभ्रमाचा खेळ आणि तोही रेडिओवर! पण लोक आवडीने ऐकत.

२ नोव्हेंबर १९५४ ला बीबीसीवर 'हॅन्कॉक्स हाफ अवर' सुरू झालं. लेखक होते रे गाल्टन आणि ॲलन सिम्प्सन. क्षयरोग्यांच्या इस्पितळात भेटलेले हे दोन तरुण. तोवर रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम म्हणजे थोडे चुटके, मध्ये गाणं, पुन्हा चुटके. या दोघांनी अर्धा तास एकच गोष्ट सांगायची ठरवली, आणि विनोद माणसाच्या स्वभावातून काढला. त्यांचा हॅन्कॉक ईस्ट चीम नावाच्या उपनगरात राहतो. स्वतःला मोठा विचारवंत आणि कलावंत समजतो. जगाला आपली किंमत कळत नाही, असं त्याचं पक्कं मत. आणि तो हे बोलायला लागला की शेजारी बसलेला सिड जेम्स, बिल कर किंवा हॅटी जॅक्स त्याचा फुगा फोडतात.

१९५८ मधला एक भाग तर रविवारच्या दुपारच्या कंटाळ्यावर आहे. बाहेर पाऊस, घरात काहीच घडत नाही. रेडिओवर शांतता म्हणजे खरं तर घोटाळा! इथे त्या शांततेवर, एका सुस्काऱ्यावर लोक हसतात. का? कारण त्या खोलीत आणखी माणसं आहेत, आणि त्यांचाही कंटाळा आपल्याला ऐकू येतो.

१९५६ पासून ही मालिका टेलिव्हिजनवरही आली. कॅमेरा जवळ गेला आणि हॅन्कॉकचा चेहरा बोलू लागला. समोरच्याने काही म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत आधी तुच्छता, मग शंका, मग भीती. हा प्रतिक्रियेचा अभिनय होता. म्हणजे आधी कुणीतरी क्रिया करायला हवी!

इथे आमच्या मते त्याच्या आयुष्याची खरी गाठ आहे. त्याला शुद्ध विनोद हवा होता. केनेथ विल्यम्सचे चित्रविचित्र आवाज खोटे वाटतात, ते नकोत. पुढे, आपण जोडगोळीतले एक ठरू या भीतीने सिड जेम्सही नको. १९६० मध्ये 'फेस टू फेस' या मुलाखतीत जॉन फ्रीमनने त्याला बोलतं केलं, तेव्हा तो स्वतःला तपासणारा, कशानेच समाधान न होणारा माणूस दिसतो. १९६१ च्या अखेरीला तो गाल्टन-सिम्प्सनपासूनही वेगळा झाला.

तुम्ही म्हणाल, पण त्याची सर्वोत्तम कामं सिडशिवायचीच आहेत ना? बरोबर. १९६१ च्या मालिकेत एका भागात तो पूर्ण वेळ खोलीत एकटा आहे. बर्ट्रांड रसेल वाचायला घेतो आणि शब्दकोशात अडकतो. (आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचं, आणि खरं सांगायचं तर आमचंही, हेच झालेलं आहे.) पण ते एकटेपण दोन लेखकांनी लिहिलेलं होतं. आणि खोलीत सिड नसला तरी रसेल होता! फुगा त्याने फोडला.

त्याच मालिकेतला 'द ब्लड डोनर' सर्वांत गाजला. रक्तदानाला आलेला हॅन्कॉक चाचणीचा थेंब म्हणजेच दान समजतो, आणि खरं किती द्यायचं ते कळल्यावर हादरतो. शेवटी त्यालाच जखम होते आणि त्याचंच रक्त त्याला परत चढवलं जातं. चित्रीकरणाआधी मोटार अपघात झाल्याने त्याचं पाठांतर झालं नव्हतं, म्हणून संवाद लिहून समोर ठेवले होते. नीट पाहिलंत तर त्याची नजर समोरच्या नटावर नसते, त्याच्या पलीकडे असते. पुढे त्याला ही सवयच लागली. प्रतिक्रियेवर जगणाऱ्या नटाने समोरच्याकडे पाहणं सोडलं.

त्याचे लेखक पुढे गेले. १९६२ मध्ये त्यांनी 'स्टेप्टो अँड सन' लिहिलं, एकमेकांना सोडू न शकणाऱ्या बापलेकांची गोष्ट. हॅन्कॉकच्या नंतरच्या मालिकांना मात्र ते यश लाभलं नाही. दारू वाढली, दोन्ही संसार मोडले. २५ जून १९६८ रोजी, एका मालिकेसाठी सिडनीला गेला असताना, त्याने आयुष्य संपवलं. वय ४४. या मृत्यूचं कारण आमच्या एका सूत्रात सापडेल, असा दावा आम्ही करणार नाही. माणसाचं दुःख व्याख्यानात मावत नाही. त्याच्या कलेपुरतंच आम्ही बोलतो.

हॅन्कॉक जे करत होता त्याला आपल्याकडे एक जुनं नाव आहे. नेति नेति. हे मी नाही, तेही मी नाही. एकेक काढत गेलं की शेवटी शुद्ध 'मी' उरेल, ही आशा. विनोदाच्या रंगमंचावर मात्र सगळे गेल्यावर उरतो तो कुणाशी बोलणार? आणि एक विसरू नका. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य 'नेति नेति' म्हणतो, तेव्हा तोही एकटा नसतो. समोर मैत्रेयी बसलेली असते, आणि ती प्रश्न विचारत असते.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न.