चित्रकथांची वर्गणी : येळ्ळूर परिसरातील सचित्र वाचनाचा मागोवा

बेळगाव शहराच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या परिसरात वसलेले येळ्ळूर हे शेतीप्रधान मराठी भाषक गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. त्यानंतर या भागात मराठी माध्यमाच्या शाळा चालू राहिल्या, तरी त्यांची पाठ्यपुस्तके कर्नाटक शासनाची होती. त्यामुळे मुलांच्या हाती शाळेबाहेर कोणते मराठी वाचन पडते, हे बव्हंशी टपालाने, वाचनालयांतून आणि बसस्थानकावरील पुस्तकविक्रेत्यांकडून काय येते यावर अवलंबून राहिले. चित्रकथा, म्हणजे चित्रांच्या चौकटी आणि संवादांचे फुगे यांच्या साह्याने सांगितलेली गोष्ट, पैसे भरून ऑनलाइन वाचण्याच्या आजच्या पद्धतीचा विचार या सीमाभागापुरता करायचा, तर तो या पार्श्वभूमीवरच करावा लागतो.

या वाचनाचा एक महत्त्वाचा आधार मद्रासहून येत होता. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केलेल्या ‘चंदामामा’ची कन्नड आवृत्ती १९४९ मध्ये, तर ‘चांदोबा’ ही मराठी आवृत्ती १९५२ मध्ये निघाली. निरनिराळ्या आवृत्त्यांत चित्रे तीच ठेवून मजकूर त्या त्या भाषेत छापला जात असल्याने, मराठी आणि कन्नड मुले एकाच चित्रांवरून आपापल्या भाषेत गोष्ट वाचू शकत होती. ‘चांदोबा’ काटेकोर अर्थाने चित्रकथांचे मासिक नव्हते, कारण त्यात गोष्टीला चित्रांची जोड असे. तथापि वर्षाची रक्कम आगाऊ मनीऑर्डरने पाठवावी आणि दरमहा अंक घरी यावा, ही वार्षिक वर्गणीची रीत मुलांच्या वाचनात अशाच मासिकांनी रुजवली.

खऱ्या अर्थाने चित्रकथा आली ती १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स समूहाने सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. ली फॉक यांचे वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे नायक या मालिकेने मराठीत आणले, आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर हा भारतीय नायकही दिला. मूळच्या कारकळच्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने पुराण आणि इतिहास चित्रांत मांडले. राम वाईरकर, प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांच्यासारख्या चित्रकारांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता, आणि तिचे अनेक अंक मराठीतही निघाले. अशी पुस्तके एका घरात विकत घेतली, की वाडीभर फिरत. एका प्रतीचे वाचक किती, याला विक्रेत्याकडून मर्यादा नव्हती.

ही व्यवस्था पुढे ओसरली. ‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडले. ‘चांदोबा’चे हक्क २००७ मध्ये एका संगणक कंपनीकडे गेल्यावर जुने अंक संकेतस्थळावर वाचण्याची सोय झाली, परंतु कंपनी अडचणीत येताच २०१३ च्या सुमारास छपाई थांबली आणि कालांतराने ते संकेतस्थळही नाहीसे झाले. त्यानंतर जुने ‘चांदोबा’ पाहायला मिळाले ते मुख्यतः वाचकांनी घरी जपलेल्या छापील प्रतींमुळे, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

जगात ऑनलाइन वर्गणीचा पाया याच सुमारास घातला गेला. मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २००७ मध्ये ठरावीक रकमेत आपले हजारो जुने अंक वाचू देणारी सेवा सुरू केली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये जपानी चित्रकथांच्या ‘शोनेन जंप’ने महिना सुमारे दोन डॉलरची वर्गणी भारतासह काही देशांत एकदमच उपलब्ध केली. तीत ताजी प्रकरणे विनामूल्य होती आणि संपूर्ण संग्रह वर्गणीदारासाठी राखलेला होता. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्याने येळ्ळूरमधील घरालाही ही दारे उघडी झाली. त्याच वर्षी आलेल्या यूपीआयने, म्हणजे मोबाइलवरून थेट बँक खात्यातून रक्कम पाठवण्याच्या पद्धतीने, मनीऑर्डरची जागा घेतली. कार्डावरून दरमहा आपोआप रक्कम कापली जाण्यासाठी ग्राहकाची आगाऊ संमती आणि पूर्वसूचना आवश्यक करणारे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. विसरलेल्या वर्गणीपोटी पैसे जात राहण्याच्या धोक्याला त्यांनी काही अंशी आळा घातला.

या बदलात लाभ निश्चित आहे, कारण एका अंकाच्या किमतीत आज अख्खा संग्रह उघडतो. मात्र नव्या वर्गणीत वाचक प्रतीचा मालक होत नाही, त्याला केवळ वाचण्याचा परवाना मिळतो. वर्गणी थांबली की अंक जातात, आणि ‘चांदोबा’च्या संकेतस्थळाप्रमाणे सेवाच बंद झाली तर वर्गणीदाराच्या हाती काहीही उरत नाही. दुसरा प्रश्न भाषेचा आहे. या मोठ्या जागतिक सेवांतील वाचन इंग्रजीत चालते, मराठीत नाही. म्हणजे ज्या सीमाभागात मराठी वाचनासाठी माणसे झटत आली, तेथे नवी वर्गणी भरणारे मूल मराठीपासून दूर जाण्याची शक्यता अधिक आहे.

यावर विचार करण्याजोगा एक नमुना मराठीतच आहे. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य ठेवलेले आहेत, त्यामुळे महाराष्ट्र शासनाच्या संस्थेचे प्रकाशन राज्याची सीमा ओलांडून येळ्ळूरच्या मुलापर्यंत पोहोचू शकते. असाच मराठी चित्रकथांचा संग्रह उभा राहिला आणि वाचनालयांना सामूहिक वर्गणीने तो सभासदांसाठी उघडता आला, तर प्रतीची जुनी सार्वजनिकता नव्या साधनात टिकेल. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे; येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा येथे मराठी साहित्य संमेलने भरतात. वाचनासाठी एकत्र येण्याची ही परंपरा पाहता, उणीव वर्गणी देणाऱ्यांची नाही, तर वर्गणीच्या मोबदल्यात मिळणाऱ्या मराठी चित्रकथांची आहे, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी मराठी प्रकाशकांची व संस्थांची आहे.