घंटा वाजवा, नाव सांगा, कॅमेऱ्याकडे बघा

अमेरिकेतल्या सरकारी प्राथमिक शाळेत मुलाचा विसरलेला डबा द्यायला जायचे, तर आईबापाला बहुतेक ठिकाणी अशा दिव्यातून जावे लागते. इमारतीला आठ-दहा दारे असली तरी सगळी बंद. उघडणारे दार एकच, आणि तेही ढकलून उघडत नाही. शेजारी भिंतीवर बटण, त्याच्या वर कॅमेरा. बटण दाबले की आतून प्रश्न येतात: कोण, कशासाठी, कुठल्या मुलाकडे? उत्तर पटले तर बझर वाजतो आणि कुलूप सुटते. आत पाऊल टाकावे तर समोर दुसरे बंद दार. या दोन दारांमधल्या काचेच्या खोलीत खिडकीतून ड्रायव्हिंग लायसन्स आत द्यायचे. ते यंत्राखालून जाते आणि काही सेकंदांत फोटो, नाव, तारीख आणि येण्याचे कारण छापलेला स्टिकर बाहेर पडतो. तो छातीवर चिकटवायचा, मगच पुढे. डबाच द्यायचा असेल तर बहुधा पुढे जायची गरजही पडत नाही. टेबलावर ठेवा, आम्ही पोचवतो, असे हसून सांगितले जाते.

खिडकीमागे बसलेली असते शाळेची सेक्रेटरी. आल्यागेल्याचे स्वागत आणि त्याची चौकशी, दोन्ही कामे तिच्याकडेच. शिवाय फोन, हजेरी, उशिरा आलेल्यांच्या चिठ्ठ्या आणि गुडघा फुटलेली मुले आहेतच.

ही सगळी यंत्रणा फार जुनी नाही. केंद्रीय शिक्षण खात्याच्या आकडेवारीनुसार 1999-2000 साली शंभरापैकी जेमतेम 19 सरकारी शाळांत सुरक्षा कॅमेरे होते. 2019-20 मध्ये हा आकडा 91वर गेला. शाळेच्या वेळात दारे बंद ठेवणाऱ्या किंवा त्यांवर लक्ष ठेवणाऱ्या शाळा त्या वर्षी 97 टक्के होत्या. एप्रिल 1999 मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला आणि बंदोबस्ताचे युग सुरू झाले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. खिडकीपाशी लायसन्स तपासणाऱ्या यंत्राचा उगम दुसऱ्याच भीतीत आहे.

1994 साली न्यू जर्सीत मेगन कँका या सात वर्षांच्या मुलीवर शेजाऱ्याने अत्याचार करून तिचा खून केला. त्याला पूर्वी अशाच गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली होती आणि हे शेजारपाजारी कुणालाच ठाऊक नव्हते. त्यातून 'मेगनचा कायदा' आला आणि 1996 मध्ये तो देशपातळीवर लागू झाला. लैंगिक गुन्हेगारांच्या याद्या लोकांसाठी खुल्या झाल्या. याद्या खुल्या झाल्यावर त्या दारात तपासणारे यंत्र कुणीतरी बनवणारच होते. ह्यूस्टनच्या रॅप्टर कंपनीने 2002 पासून हाच धंदा सुरू केला. लायसन्सवरचे नाव, जन्मतारीख आणि फोटो घ्यायचा आणि यादीशी ताडून बघायचा. 2007 मध्ये टेक्सासने कायदा करून शाळांना पाहुण्याचे ओळखपत्र मागण्याचा आणि अशी नोंद ठेवण्याचा अधिकार दिला. मात्र ही माहिती फक्त सुरक्षेसाठी वापरायची, विकायची नाही, अशी अटही घातली.

अमेरिकन माणूस बंदुकीबद्दल जितका हळवा, तितकाच स्वतःच्या माहितीबद्दलही. ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिस शाळा-जिल्ह्यात एका आईने लायसन्स यंत्राला द्यायला नकार दिला. दाखवते, पण नोंदवू देणार नाही, असे तिचे म्हणणे. शाळेने आत सोडले नाही. प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेले आणि 2010 मध्ये अपील न्यायालयानेही शाळेच्या बाजूने कौल दिला. मुलांच्या सुरक्षेचे कारण पुरेसे आहे आणि यंत्र गरजेपुरतीच माहिती घेते, असे न्यायालयाचे म्हणणे. मोजक्या माहितीपुरता हा निकाल रास्तच म्हणावा लागेल.

या यंत्राचा रोजचा उपयोग मात्र वेगळाच आणि बराच घरगुती आहे. घटस्फोट झालेले असतात, मुलांच्या ताब्यावरून कोर्टकज्जे चालू असतात, एका पालकाला भेटीची मनाई असते. कोर्टाचा आदेश नोंदवलेला असेल तर त्या पालकाचे लायसन्स यंत्राखाली जाताच सेक्रेटरीच्या पडद्यावर इशारा उमटतो. अशा वेळी दाराशी उभा असलेला माणूस ओळखीचा असतो, मुलाचा बाप असतो, आणि तरीही त्याला थांबवायचे असते.

मग बंदूकधाऱ्यांचे काय? इथे दाराचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही.

कनेक्टिकटमधल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत 14 डिसेंबर 2012 रोजी दार बंदच होते. रोज सकाळी साडेनऊला कुलूप लागायचे, पाहुण्याने कॅमेऱ्यासमोर उभे राहून बझर वाजवायचा, अशी नवी कोरी पद्धत होती. हल्लेखोराने बझर वाजवलाच नाही. दाराशेजारची काच गोळ्यांनी फोडून तो आत शिरला. 20 मुले आणि 6 कर्मचारी गेले. 2018 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडला एकोणीस वर्षांचा माजी विद्यार्थी उबरने आला आणि शाळा सुटायच्या वेळेसाठी उघडलेल्या फाटकातून चालत आत गेला. आवारात फिरणाऱ्या कर्मचाऱ्याने त्याला पाहिले, ओळखलेही, पण इशाऱ्याचा परवलीचा शब्द काही उच्चारला नाही. 17 जण मारले गेले. 2023 मध्ये नॅशव्हिलच्या कव्हेनंट शाळेत पुन्हा काचेचे दार फुटले. त्यानंतर दारांच्या काचांवर चिकटवायच्या जाड फिल्मला देशभर मागणी आली.

सगळ्यात बोलका आहे तो टेक्सासमधल्या युवाल्डेचा अहवाल. 24 मे 2022 रोजी रॉब प्राथमिक शाळेत 19 मुले आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. या शाळा-जिल्ह्याच्या सुरक्षा उपायांच्या यादीत पाहुणे तपासणारे यंत्र होते, कुंपण होते, स्वतःचे पोलीसदेखील होते. पण हल्लेखोर ज्या पश्चिम दारातून आला, त्याचे कुलूप लागलेले नव्हते. सुरुवातीला एका शिक्षिकेने ते दगड लावून उघडे ठेवले असे सांगितले गेले. चित्रफितीत दिसले ते उलटेच: तिने दार ओढून बंद केले होते, फक्त कुलूप बसले नाही. टेक्सास विधिमंडळाच्या समितीने जुलैमध्ये अहवाल दिला, त्यात शाळेचे खरे रोजचे जीवन उघडे पडले. किल्ल्या पुरेशा नव्हत्या. बदली शिक्षकांकडे तर नव्हत्याच. म्हणून दारांना दगड, पाचरी, लोहचुंबक लावण्याची सवय झाली होती. 111 क्रमांकाच्या वर्गाचे कुलूप नीट लागत नाही हे माहीत असूनही दुरुस्तीची नोंद कुणी केली नव्हती. मेक्सिकोची सीमा जवळ असल्याने माणसांची चोरटी वाहतूक करणाऱ्या गाड्यांचा पाठलाग गावात वरचेवर होई. त्यामुळे त्या फेब्रुवारीपासून तीनच महिन्यांत शाळांना जवळजवळ पन्नास वेळा धोक्याचा इशारा मिळाला होता. रोजच 'लांडगा आला रे' ऐकणाऱ्यांनी त्या दिवशीही सवयीनेच ऐकले. बाहेर जमलेल्या पोलिसांनी वर्गात शिरायला 77 मिनिटे लावली, ही लाजिरवाणी गोष्ट आणखी वेगळी.

आता टेक्सासमध्ये शाळांना दर आठवड्याला बाहेरची सगळी दारे तपासावी लागतात. शिवाय न सांगता तपासनीस येतात आणि चोरासारखे एकेक दार ओढून बघतात.

या घटना बारकाईने पाहणाऱ्यांना एक गोष्ट केव्हाच कळली आहे: असे हल्लेखोर बहुतेकदा शाळेचेच असतात. आजी किंवा माजी विद्यार्थी. त्यांना पाहुण्यांची खिडकी लागत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये जॉर्जियातल्या अपलाची हायस्कूलमध्ये ज्याच्यावर चौघांच्या खुनाचा आरोप आहे, तो चौदा वर्षांचा विद्यार्थी होता. तिथे शिक्षकांच्या गळ्यात धोक्याचे बटण असलेली ओळखपत्रे नुकतीच आली होती आणि ती कामाला आली. पण आत कोण येते, हे सांगण्याचे काम त्यांचे नव्हे. शाळांवरच्या 41 हल्ल्यांचा अभ्यास करून सीक्रेट सर्व्हिसने 2019 मध्ये निष्कर्ष काढला, की बंदूक वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातूनच मिळाली होती. म्हणजे खरे कुलूप घरच्या कपाटाला हवे. ते लावायला सांगणे राजकारण्यांना जड जाते, शाळेच्या दारावर लाखो डॉलर खर्च करणे सोपे जाते.

बाहेरचा माणूस मुळीच येत नाही, असेही नाही. 2006 मध्ये आठवड्याभराच्या आत दोनदा आला. कोलोरॅडोतल्या बेली गावी अनोळखी माणसाने हायस्कूलच्या मुलींना ओलीस धरून एकीचा जीव घेतला. पाठोपाठ पेनसिल्व्हेनियात आमिश पंथाच्या एका खोलीच्या शाळेत दुसऱ्याने पाच मुली मारल्या. बेलीच्या त्या मुलीच्या आईवडिलांनी संस्था काढली आणि धोक्याच्या वेळी काय करायचे, याचे अगदी साध्या शब्दांतले धडे तयार केले. आज ते हजारो शाळांत शिकवले जातात.

दाराशी माणूस असल्याने काय फरक पडतो, याचे उत्तर जॉर्जियातच मिळते. 20 ऑगस्ट 2013 रोजी अटलांटाजवळच्या डीकेटरमध्ये रोनाल्ड मॅकनेअर या प्राथमिक शाळेत वीस वर्षांचा तरुण रायफल आणि जवळजवळ पाचशे गोळ्या घेऊन आला. दार बंदच होते, पण परवानगी मिळालेल्या एका पाहुण्याच्या पाठोपाठ तो आत सरकला. खिडकीपाशी त्या दिवशी बसल्या होत्या अँटोइनेट टफ. त्या शाळेच्या हिशेबनीस. समोरच्या टेबलावर केवळ बदलीला आलेल्या. इमारतीत आठशेहून अधिक मुले. बाहेर पोलिसांशी गोळीबार चालू असताना टफबाईंनी आपत्कालीन फोन चालू ठेवला आणि त्या तरुणाशी बोलत राहिल्या. नवरा सोडून गेला, मुलाला अपंगत्व आहे, आपणही जीव द्यायला निघालो होतो, हे सगळे त्याला सांगितले. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाल्या. त्याने शस्त्र खाली ठेवले, जमिनीवर पालथा झोपला आणि पोलिसांच्या स्वाधीन झाला. कुणालाही खरचटलेदेखील नाही. त्या फोनचे ध्वनिमुद्रण नंतर देशभर ऐकले गेले, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी टफ यांना फोन करून आभार मानले, पुढे त्यांच्यावर चित्रपटही निघाला. शाळांच्या सुरक्षेचे अंदाजपत्रक मांडताना मात्र खिडकीमागच्या बाईचा पगार आणि प्रशिक्षण हा विषय क्वचितच निघतो.

पालकांना दूर ठेवणे शाळांना परवडणारेही नाही. गरीब वस्त्यांतल्या शाळांना ज्या कायद्याखाली केंद्राचा निधी मिळतो, त्यातच पालकांना शिक्षकांना भेटण्याची, वर्गात मदत करण्याची आणि वर्ग चालू असताना पाहण्याची संधी दिली पाहिजे, असे लिहिले आहे. 1998 मध्ये आर्कान्सामध्ये जोन्सबरोच्या शाळेत गोळीबार झाल्यावर त्याच राज्यातल्या स्प्रिंगडेलच्या एका शाळेने उलटा विचार केला. माणसे बाहेर ठेवण्यापेक्षा चांगली माणसे आत आणू. वडिलांनी वर्षातला एक दिवस शाळेत घालवायचा, मुलांना गाडीतून उतरवून घ्यायचे, मधल्या सुट्टीत मैदानावर राहायचे, दारे बघायची. हा उपक्रम पुढे देशभर पसरला. अर्थात या वडिलांचेही लायसन्स यंत्राखालून जातेच.

आणि ज्यांच्याकडे लायसन्सच नाही? कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना शाळा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच ठरवून दिले आहे. पण त्यांच्या आईबापांना शाळेच्या दारात ओळखपत्र काढायची धास्ती वाटते. शहाण्या शाळा परदेशी पासपोर्ट किंवा वकिलातीचे ओळखपत्रही चालवून घेतात. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प सरकारने शाळा-रुग्णालयांत शक्यतो इमिग्रेशनची कारवाई न करण्याचे जुने धोरण रद्द केले आणि दाराच्या गोष्टीने वेगळेच वळण घेतले. त्याच महिन्यात शिकागोच्या हॅमलिन शाळेच्या दारात केंद्राचे अधिकारी आले. शाळेने त्यांना आत घेतले नाही. ते इमिग्रेशनचे नसून एका धमकीचा तपास करणारे सीक्रेट सर्व्हिसचे होते, हे नंतर उलगडले. एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या दोन प्राथमिक शाळांत होमलँड सिक्युरिटीचे अधिकारी काही मुलांची 'खुशाली' बघायला आले. पालकांची परवानगी आहे, असे त्यांनी सांगितल्याचे शाळा-जिल्ह्याचे म्हणणे. मुख्याध्यापकांनी ओळखपत्रे मागितली, विचारपूस केली आणि त्यांना बाहेरूनच परत पाठवले. पालकांनी अशी कुठलीही परवानगी दिली नव्हती, असे जिल्ह्याच्या प्रमुखांनी जाहीर केले. बंदूकधारी आणि नराधम यांच्यासाठी उभारलेले दार सरकारलाच अडवायला उपयोगी पडेल, असे कुणाच्या मनातही आले नसेल.

महाराष्ट्राला यातून घेण्यासारखे असेल ते पाहुण्यांच्या यंत्रापेक्षा फ्लोरिडाच्या 2005 च्या कायद्यात आहे. तिथे जेसिका लन्सफर्ड या नऊ वर्षांच्या मुलीचा खून करणारा माणूस तिच्याच शाळेत कंत्राटी गवंडीकाम करून गेलेला होता. तेव्हापासून शाळेच्या आवारात काम करणाऱ्या कंत्राटी माणसांच्या बोटांचे ठसे घेऊन पार्श्वभूमी तपासली जाते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराचा आरोप झाला तो शाळेच्या कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यावर. लोक रेल्वेरुळांवर उतरले, सरकारने महिन्याभरात सीसीटीव्ही बसवा म्हणून शाळांना फर्मावले. कॅमेरा घडलेले दाखवतो. कामावर कुणाला ठेवले, हे त्याला विचारता येत नाही.

नातवंडांकडे अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांनी एवढे ध्यानात ठेवावे. शाळेत जाताना पासपोर्ट बरोबर हवा, आधार कार्ड तिथे चालत नाही. मुलाला घरी आणायचे असेल तर आपले नाव शाळेच्या यादीत लेक-जावयाने किंवा मुला-सुनेने आधीच घालून ठेवायला हवे; नसेल तर नातू 'आजी' म्हणून धावत आला तरी सेक्रेटरी त्याला सोडणार नाही, आणि त्याचा राग मानू नये. आणि आपण आत शिरताना मागून कुणी घाईघाईने येत असेल, तर कितीही सभ्य दिसला तरी त्याच्यासाठी दार धरून ठेवू नये. त्याला त्याचे बटण दाबू द्यावे.