किती वर्षं नव्हे, किती ऊन?

सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या तालुक्यांत भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी शेडनेट उभारली जातात. याच भागातल्या दुसरबीडच्या आसपासच्या शिवारात ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, ताडपत्र्या, पीव्हीसी पाइपही आहेत. शेतकऱ्याचा बराच पैसा असा प्लास्टिकच्या रूपात उघड्यावर असतो. घेताना तो विचारतो, किती वर्षं टिकेल? खरं तर विचारायला हवं, किती ऊन सोसेल? बांधावरचा जुना पीव्हीसी पाइप उलटून पाहा. वरची बाजू पिवळट-तपकिरी पडलेली, बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. जमिनीकडची बाजू मात्र मूळ रंगाची. पाइप एकच, वयही एकच. ऊन लागलं त्या बाजूनंच तो म्हातारा झाला.

हे तापण्यामुळे होतं, असं कुणी म्हणेल. पण पत्र्याच्या कोठीतला नायलॉनचा म्हणून विकला जाणारा दोर मे महिन्यात तापूनही शाबूत राहतो, आणि तसाच दोर उघड्यावर बांधला की काही हंगामांत बोटांत चुरतो. तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, आणि हे प्लास्टिक उन्हाला फार लवकर हार खातं. कारण अतिनील किरणांत आहे. 300 नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांत कार्बन-कार्बन बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. प्लास्टिकमधल्या सूक्ष्म अशुद्धी ते किरण शोषतात, साखळ्या तुटू लागतात, हवेतला ऑक्सिजन त्या तुटक्या टोकांना चिकटतो आणि पुढची तोडफोड आपोआप चालू राहते. उष्णता फक्त वेग वाढवते. दुसरबीड साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. पीव्हीसीत ही झीज वरच्या पातळ थरापुरती राहते. म्हणून पाइप पाण्याचा दाब बराच काळ सोसतो, पण कुदळीचा एक फटका सोसत नाही.

यावरचा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा इलाज म्हणजे काजळी. ठिबकच्या चांगल्या नळीत ती दोन ते तीन टक्के असते, नळी काळी असते ती त्यामुळेच. काळं जास्त तापतं, पाणीही गरम होतं, हा आक्षेप खरा आहे. तरी काजळी किरणांना पृष्ठभागापाशीच अडवते, आणि तो फायदा मोठा आहे. जिथं उजेड हवा तिथं काजळी चालत नाही. पॉलीहाऊसच्या कागदात म्हणून यूव्ही स्टॅबिलायझर मिसळतात. त्यांतले काही गंधकाच्या फवारणीनं निकामी होतात, हे फार कमी जणांना सांगितलं जातं. गंधक वापरणाऱ्यानं विक्रेत्याला ते आधीच विचारावं. तापलेल्या लोखंडी पाइपला कागद टेकतो तिथंही तो लवकर फाटतो. तेवढ्या भागावर पांढरा रंग दिला तर फरक पडतो. पीव्हीसी पाइप शक्यतो पुरावा. उघडाच ठेवायचा तर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्यावा.

ऊन सोसणारं प्लास्टिक महाग पडतं, हे मान्य. पण स्वस्त नेट फाटल्यावर नव्या नेटसोबत ते चढवायची मजुरीही पुन्हा मोजावी लागते. ऊन प्लास्टिक संपवतं, मग बरंच की, हा युक्तिवाद तर मुळीच टिकत नाही. ऊन त्याचे तुकडे करतं, आणि ते मातीत गेले की सावलीत पडतात. तिथं त्यांची झीज फार मंदावते. मल्चिंग पेपर म्हणूनच पीक निघाल्याबरोबर, हातात अख्खा येतो तोवरच गुंडाळून काढायला हवा. नांगर फिरल्यावर ते तुकडे वेचून काढणं कुणालाच जमत नाही.